सुर्व्यांच्या बंगल्याची ओटी

वास्तुशांतीची पत्रिका घेऊन सुर्वेशेठचा ड्रायव्हर आमच्या दारात आला, तेव्हा आई साड्यांना ऊन दाखवत होती.

आमच्या विट्याकडच्या भागात श्रावण येतो तो कॅलेंडरात. आभाळाकडे बघून कुणाला तो ओळखता यायचा नाही. त्यामुळे आईचं हे साड्यांचं काम श्रावणातल्या दुपारीही निर्धास्त चालायचं. अंगणात दोन दोऱ्या, दोऱ्यांवर साड्या, आणि प्रत्येक साडीला घराचं नाव. जांभळी ती पाटलांची माडी. मोरपंखी तो डॉक्टरांचा दवाखाना. एक फिकट पिवळी, शिळ्या ताकाच्या रंगाची, तो यादवांचा गोठा. गोठ्यालाही साडी देणारे यादव म्हणजे दिलदार माणूस, असं आई म्हणायची. रंगाबद्दल मात्र ती काही बोलायची नाही.

माझे वडील, म्हणजे आबा. मारुती जावीर, गवंडी. पुढे हाताखाली माणसं ठेवून ते घरं बांधायची कंत्राटं घ्यायला लागले, पण गावाच्या लेखी गवंडीच राहिले. आणि आई, हौसाबाई, लग्न होऊन आली ती अंगाची हळद उतरायच्या आत त्यांच्या कामावर घमेलं घेऊन शिडी चढायला लागली. घर पुरं झालं की वास्तुशांतीला घरधनीण गवंड्याच्या बायकोला पाटावर बसवायची, हळदीकुंकू लावायची आणि साडी-नारळानं तिची ओटी भरायची. आईच्या ट्रंकेतली एकही साडी दुकानातून आलेली नव्हती. सगळ्या अशा घराघरांतून आलेल्या. त्यांतली एक गर्द हिरवी, सराफांच्या दुकानाच्या वास्तुशांतीला मिळालेली, तिची घडी आईनं कधी मोडलीच नाही. "तुझ्या लग्नात नेसंन," म्हणायची.

"शेठनी निरोप दिलाय," ड्रायव्हर म्हणाला, "हौसाक्कांनी यायलाच पायजे. वैनी सोता ओटी भरणार हायत."

एरवी आईचा चेहरा फुलला असता. त्या दिवशी ती नुसती "बरं" म्हणाली. ड्रायव्हर गेल्यावर तिनं पत्रिका उलटसुलट करून बघितली. तिला वाचता येत नव्हतं.

"कागूद चांगला जाड हाय," ती म्हणाली. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती पुन्हा साड्या पालटायला लागली. तिच्या डोक्यावरचा पदर घरातसुद्धा कधी ढळत नसे. जुन्या वळणाची बाई, एवढंच मला तेव्हा वाटायचं.

आबा दिवेलागणीला आले. हातपाय धुतले, चहा घेतला आणि मगच पत्रिकेकडे वळले.

"ओटीला बोलावलंय व्हय," ते म्हणाले. "शेठ हुशार माणूस."

ह्या हुशारीचा अर्थ आमच्या घरात तिघांनाही कळत होता. आमच्यात आज्यापासून चालत आलेली एक रीत होती. घरधनिणीनं ओटी भरली की घर सुटलं. मग त्या घराकडे गवंड्यानं काही मागायचं नाही. न मजुरी, न चहा. म्हणून आज्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशीच सगळा व्यवहार मिटवून घ्यायचा आणि लोकही निमूट मिटवायचे. सुर्वेशेठ ह्याच गावचे. त्यांना ही रीत पाठ होती. आणि आमच्या शेवटच्या बिलाचे एक लाख ऐंशी हजार त्यांच्याकडे अडकले होते.

आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाईवाले म्हणतात त्यांना. कुणी मदुराईला, कुणी कानपूरला, सुर्वेशेठ कोइमतूरला. आयुष्य तिकडे काढतात आणि बंगला मात्र इकडे गावात बांधतात, वर्षातून पंधरा दिवस राहण्यासाठी. शेठच्या बंगल्याला फरशी राजस्थानची होती, झुंबर बंगळूरचं होतं, दाराचं सागवान केरळचं. उधारी तेवढी गावातली.

शेठ तसे वाईट नव्हते. स्लॅब पडेपर्यंत पैसे वेळेवर आले. मग त्यांनी तिकडे दुसरं दुकान घेतलं आणि फोनवरचं उत्तर बदललं. "मारुती, जरा दम धर. पुढच्या महिन्यात." तो पुढचा महिना काही पुढे सरकेना.

ह्या बंगल्याच्या जोरावर आबांनी मिक्सर घेतला होता. साधा नव्हे, लिफ्टचा. म्हणजे खाली काँक्रीट कालवून बादलीनं थेट वरच्या मजल्यावर पोचवणारा. हप्त्यावर. "मोठी कामं धरायची तर मशीन पायजे," असं त्यांनी घरात सांगितलं होतं. मला ते थोडं नवलाचं वाटलं होतं, कारण मोठ्या कामांची हाव त्यांच्यात मी कधी बघितली नव्हती. शेठचं बिल थांबलं तसे हप्ते थकले, आणि दुकानदारानं मिक्सर ओढून नेऊन विट्यातल्या आपल्या आवारात उभा केला. दसऱ्याच्या आत हप्ते भरले तर ठीक, नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकणार म्हणाला. तेव्हापासून आबा हातानं कालवायची छोटी कामं घेत होते आणि पन्नाशीची आई पुन्हा घमेलं उचलत होती.

मी त्या वेळी विट्याला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करत होते. तिथेच मला तो नवा कायदा कळला. लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकते करायचे, नाहीतर बँकेच्या तिप्पट दरानं व्याज. मी तो वाचला आणि मला देव पावल्यासारखं झालं. बंगल्याचं काम धरतानाच मी आबांच्या मागे लागून सांगलीला उद्योग म्हणून नोंदणी करून घेतली होती आणि शेठबरोबर एक पानी करारही केला होता. शेठनी हसत सही केली होती. "पोरगी शिकली म्हणायची," म्हणाले होते.

आता त्या कराराच्या आधारानं नोटीस पाठवायची आणि अशा थकबाकीचे निवाडे करणाऱ्या पुण्याच्या परिषदेकडे अर्ज करायचा, असं मी सांगितलं तेव्हा आबांनी मला वेड्यात काढलं.

"ज्याच्या घराचा पाया आपन भरला त्याला कोर्टाचा कागूद धाडायचा?"

"कोर्ट नाही ते, आबा. परिषद आहे."

"नाव काय बी ठेव. आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणाच्या दारात तगादा केला न्हाई."

मी तासभर बोलले. कलमं सांगितली, व्याज सांगितलं. आबा ढिम्म. इतक्यात आई कामावरून आली. दारात तिनं घमेलं-फावडं उतरवलं, तसा पदर मागे सरकला आणि डोक्यावरची कापडाची चुंबळ घरंगळत उंबऱ्याच्या आत आली. आईनं घाईनं पदर सारखा केला. आबा तिकडेच बघत होते. मग माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "आण. कुठं सही करायची?"

मला वाटलं, माझं बोलणं पटलं. फार फुशारले होते मी त्या दिवशी.

नोटीस पोचली तसा कोइमतूरहून फोन आला. आबांनी फोन कानापासून चार बोटं लांब धरला होता, तरी शेठचा आवाज मला ऐकू येत होता. "मारुती, मला नोटीस? मला?" आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "व्हय शेठ. लेक शिकलीय." पुण्याची तारीख लागली. आणि तारखेच्या आधी ही पत्रिका आली.

"आबा, कायद्यात ओटीचं काही नाही," मी त्या संध्याकाळी म्हणाले. "आईनं साडी घ्यावी आणि आपण पैसेही घ्यावेत. परिषदेला काय कळतंय, कुणाची ओटी भरली न् कुणाची नाही."

"परिषदेला न्हाई कळायचं. मला कळंल की."

"मग आई जाणारच नाही."

आबांनी आईकडे बघितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"आजवर एक ओटी चुकली न्हाई तिची," आबा म्हणाले. "आन् ह्या बंगल्याला तर लईच राबलीय. शेठचं आन् माझं काय असंल ते असंल. हौसा, तू जा. ओटी घ्यावी वाटली तर घे. मी अर्ज मागं घीन."

"आन् मिक्सर?" आईनं विचारलं.

"जाईल तर जाईल."

"मिक्सर गेला तर परत हातानंच कालवायचं?"

 आबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ अंगणातल्या रिकाम्या दोऱ्या सोडत बसले. आईची भाकरी तव्यावर करपली. असं कधी होत नसे.

वास्तुशांतीच्या दिवशी आबा कामावर गेले नाहीत आणि शेठकडेही आले नाहीत. आई आणि मीच गेलो. आई डॉक्टरांचा दवाखाना नेसली होती. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती आणि ती मला धरू देत नव्हती.

बंगल्यासमोर मांडव, मांडवात अर्धं गाव. शेठ धोतर-उपरण्यात पूजेला बसले होते. आम्हाला बघून त्यांनी हसून मान हलवली. ते हसणं खरं होतं, आणि हेच मला जास्त झोंबलं. माणसाला सुटल्यासारखं वाटतं तेव्हा तो असा हसतो.

शेठच्या बायकोला सगळे शैलावहिनी म्हणायचे. पूजा आटोपल्यावर त्यांनी आईला आत स्वयंपाकघरात नेलं. पाठोपाठ मी. नव्या गॅसवर पितळेचं पातेलं ठेवलं होतं. नव्या घरात दूध उतू घालतात, त्यासाठी. बाहेर भटजी वेळ सांभाळत होते.

"हौसाक्का, खिडकी बघा तुमची," वहिनी म्हणाल्या.

ओट्यासमोर मोठी खिडकी होती. नकाशात त्या जागी भिंत होती आणि भिंतीला फळ्या. पाया भरताना वहिनी एकदा आल्या होत्या, तेव्हा आईनं त्यांना विचारलं होतं, सैपाक करताना काय दिसावं असं वाटतं? वहिनींना असं कधी कुणी विचारलं नव्हतं. म्हणाल्या होत्या, फाटक. कोण आलं ते दिसावं. आईनं रात्री आबांच्या कानाशी तोच धोशा लावला आणि भिंतीची खिडकी झाली.

"तिकडं वीस वर्सं झाली, माझ्या ओट्यासमोर नुसती शेजाऱ्याची भिंत हाय," वहिनी म्हणाल्या. "आज सकाळपासनं चार येळा हितं उभी ऱ्हायले."

"कुणाची वाट बघत हुता?"

वहिनी हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "कुणाची न्हाई. आई गेली. भाऊ वाटणीवरनं बोलत न्हाई. माह्यारचा आहेर काय यायचा न्हाई आज. मला म्हाईत हुतं, तरी नजर जातीया."

मग त्यांनी डोळे पुसले, पाट मांडला आणि पाटासमोर तबक ठेवलं. तबकात जरीच्या काठाची अंजिरी साडी होती, नारळ होता, तांदूळ होते. आईनं आजवर घेतलेल्या साड्यांत तिच्या तोडीची एकही नव्हती. आई त्या साडीकडे बघत राहिली.  तिनं ती घेतली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"बसा हौसाक्का. आधी गवंड्याची बायको, मग दूध," वहिनी म्हणाल्या.

"थांबा वैनी," आई म्हणाली. "आधी तुमी बसा."

वहिनी गोंधळल्या. आईनं त्यांना खांद्याला धरून पाटावर बसवलं. कापडी पिशवी उघडली. आतून खण निघाला, नारळ निघाला, पसाभर तांदूळ निघाले, आणि सगळ्यांत खालून निघाली ती सराफांची गर्द हिरवी साडी. घडी न मोडलेली. माझ्या लग्नात नेसायची.

"आमी घर बांधलं," आई म्हणाली. "त्यात बाई रिकाम्या ओटीनं राहायला येऊ ने. तुमच्या माह्यारचं कोण न्हाई तर न्हाई. मी हाय की."

तिनं वहिनींना कुंकू लावलं आणि त्यांच्या पदरात सगळं घातलं. वहिनी नव्या नवरीसारख्या ओटीला घट्ट धरून रडल्या. आवाज न करता. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

जरा वेळानं त्या उठल्या आणि तबक उचलून आईपाशी आल्या. "आता माझ्या हातनं."

आईनं पुढचा पदर आवरून घेतला. "मला न्हाई घेता यायची वैनी."

"का?"

"आमच्यात ओटी घेतली की त्या घराकडं काय मागायचं न्हाई. आन् मला मागायचंय."

"काय मागायचंय?"

"आमचं शेवटचं बिल."

शेठ नेमके तेव्हाच आत आले. दूध उतू जाताना जोडीनं उभं राहायचं असतं, म्हणून भटजींनी पाठवलं होतं. वहिनींनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "ह्यांचं बिल ऱ्हायलंय?"

"अगं, आज कशाला तो विषय."

"ऱ्हायलंय का?"

"थोडं हाय. ह्यांनी नोटीस पाठवलीय मला, ते न्हाई सांगितलं का? पुण्याला तारीख लागलीय. गावच्या माणसावर कायदा चालवायला निघालेत."

दूध वर येत होतं. कडेला फेस धरला होता. बाहेरून भटजींनी हाक दिली, "तापलं का दूध? वेळ चाललीय."

वहिनींनी तबक ओट्यावर ठेवलं. "म्हंजे पैसं ऱ्हायल्यालं तुमाला म्हाईत, ह्यांची रीत तुमाला म्हाईत. आन् चार दिसांपासनं माझ्या मागं लागलाय, हौसाक्काची ओटी भर, भारीतली साडी घे. ह्यांचं तोंड बंद करायला मला पुढं केलंत व्हय?"

 शेठनी उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत, हे मी त्यांच्या नावावर जमा धरते.

वहिनींनी हात लांब केला आणि गॅस बारीक केला. वर आलेलं दूध हळूहळू खाली बसलं.

"अगं, मुहूर्त चाललाय!"

"जाऊ दे."

"दिवाळीनंतर देतो म्हटलंय की मी ह्यांना."

"मग दूध बी दिवाळीनंतरच उतू घालू."

दारात दोन-तीन पाहुण्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतल्या एकीला हसू आवरेना, तिनं पदर तोंडात कोंबला. शेठनी तिच्याकडे बघितलं, दुधाकडे बघितलं, मग बायकोकडे. वहिनींचा एक हात गॅसच्या बटणावर होता आणि दुसऱ्यानं त्यांनी ओटी धरली होती.

शेठ गेले आणि चेकबुक घेऊन आले. ओट्यावर टेकून त्यांनी चेक लिहिला.

"कराराप्रमाणे व्याजही..." मी सुरुवात केली आणि आईचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"व्याज ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पुण्याचा अर्ज बी मागं घ्यायला लावती मी ह्यांना. आमचं हाय तेवढं मिळालं, बास झालं. लावा वैनी गॅस मोठा."

दूध उतू गेलं. नव्या शेगडीवर चरचरलं, घरभर करपट वास सुटला आणि बाहेर सनई वाजायला लागली. वहिनींनी तबक पुन्हा उचललं. "आता तरी घ्या."

आईनं चेक पिशवीत ठेवला, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, "चेक वटला की येती, वैनी."

आधी वहिनी हसल्या. मग दारातल्या बायका. शेवटी शेठसुद्धा हसले. म्हणाले, "लेक शिकली तर शिकली, आई जन्माचीच शिकलेली हाय."

घरी आलो तेव्हा आबा उंबऱ्यावर बसले होते.  त्यांनी आधी आईच्या ओटीकडे बघितलं.

"घेतली न्हाईस?"

"न्हाई."

"कसली हुती?"

"अंजिरी. जरीची."

आबांचा चेहरा पडला. "माझ्यापायी गेली तुझी."

आईनं पिशवीची गाठ सोडून चेक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि तिच्याकडे असं बघितलं की मी उगाचच पाणी प्यायला आत गेले.

चेक वटला. पण तोवर शेठ-वहिनी कोइमतूरला परतले होते, त्यामुळे ओटी राहिली ती राहिलीच. थकलेले हप्ते भरून आबांनी विट्याहून मिक्सर आणला. ट्रॅक्टरमागे बांधून, स्वतः ट्रॅक्टरच्या मडगार्डावर बसून, वरातीत आणावा तसा आणला.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. थापी, ओळंबा, पाटा, रंधा सगळं धुऊन पुसून मांडतात. त्या वर्षी मधोमध मिक्सर होता, झेंडूच्या माळा घालून. आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. नारळ फुटला. आणि आई उठायला लागली तसे आबा म्हणाले, "बस जरा."

त्यांनी सदऱ्याच्या आतून कागदात गुंडाळलेली साडी काढली. विट्याच्या दुकानातली. अंजिरी. जर नव्हती तिला, साधे काठ होते, पण रंग त्यांनी बरोबर शोधून आणला होता.

"संजे, भर तुझ्या आईची ओटी," ते म्हणाले. "मला भरता येत न्हाई."

आई लाजली. एवढ्या वर्षांत मी तिला कधी लाजताना बघितलं नव्हतं. "आता ही आणि कुठल्या घराची?"

"घराची न्हाई. असंच."

मी तबक घेऊन तिच्यासमोर बसले. कुंकू लावायला हात पुढे केला तशी तिनं मान वाकवली, आणि डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला. मी थबकले. तिच्या टाळूवर, मधोमध, केसच नव्हते. चुंबळीएवढी जागा गुळगुळीत झाली होती आणि कातडी तळपायासारखी राठ. चहूबाजूंनी केस होते, तिथे मात्र नाही. तीस वर्षं त्याच जागी घमेलं बसत होतं. घरातसुद्धा न ढळणारा तो पदर कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं.

आईनं झटकन पदर घ्यायला हात वर केला. आबांनी तो हात धरला. आमच्या घरात नवरा-बायको मुलांसमोर एकमेकांचा हात धरत नसत.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आता येतील."

"काय?"

"केस. आता डोक्यावर काय न्यायचं न्हाई. मशीन न्हेतंय वर."

  सात पिढ्यांत कुणाच्या दारात तगादा न करणाऱ्या माणसानं त्या दिवशी अर्जावर सही का केली होती, ते मला मिक्सरसमोर, हातात कुंकवाचं तबक धरून बसल्यावर कळलं. कायदा मी सांगितला होता, एवढंच. सही त्यांनी दारात घरंगळलेल्या चुंबळीकडे बघून केली होती.

मी आईची ओटी भरली. अर्धे तांदूळ मिक्सरच्या चाकाखाली सांडले.

दिवाळीला वहिनी गावाला आल्या, त्या थेट आमच्याकडेच. ती जरीची अंजिरी साडी आणि नारळ घेऊन, पायीपायी. त्यामुळे आईच्या ट्रंकेत आता दोन अंजिरी साड्या आहेत. श्रावणात ती अजूनही दोऱ्या बांधते आणि नातवंडांना नावं सांगते. जरीची ती सुर्व्यांचा बंगला. बिनजरीची तो मिक्सर. माझ्या लग्नात ती मिक्सर नेसली होती.

आणि केस आले. एका सकाळी तिनं मला हाक मारली आणि कंगवा हातात देऊन पाठमोरी बसली. विरळ होते, पांढरे होते, जावळासारखे मऊ होते. मी मधोमध भांग पाडला.

"आबांना बोलव," आई म्हणाली. "दावू दे त्यास्नी."